इजा आणि उत्तर: हान्स सेल्ये यांच्या एका पत्राचे रसग्रहण

४ जुलै १९३६ रोजी निघालेल्या 'नेचर' साप्ताहिकाच्या अंकात बत्तिसाव्या पानावर एक पत्र आहे. संशोधनातला ताजा निष्कर्ष संपादकांच्या नावे थोडक्यात कळवायची त्या साप्ताहिकाची रीत होती, तिला धरून लिहिलेले. मजकूर उण्यापुऱ्या ७४ ओळींचा. तक्ता नाही, आकृती नाही. खाली सही हान्स सेल्ये यांची, पत्ता माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्र विभागाचा, तारीख १८ मे. शीर्षक 'अ सिंड्रोम प्रोड्यूस्ड बाय डायव्हर्स नॉक्युअस एजंट्स'. नाना तऱ्हेच्या अपायांतून उद्भवणारा एकच एक लक्षणसमूह, असा त्याचा रोख. सततच्या ताणाने ॲड्रिनल ग्रंथींचे काय होते, संप्रेरकांचा तोल कसा ढळतो, याविषयी आज आपण जे बोलतो त्यातले बरेचसे धागे या एका पानापर्यंत जाऊन पोचतात. तरी हे पान मुळातून वाचणारे थोडे.

मला हे पत्र लेखन म्हणूनही फार मोलाचे वाटते. शरीराची जी पडझड पाहून दुसऱ्या कोणी नुकसानीची यादी केली असती, तिच्यात सेल्ये यांना शरीराचे काम दिसले. इजा झाल्यावर देह काय गमावतो हे तर त्यांनी नोंदवलेच, पण त्या इजेला तो काय उत्तर देतो हेही वाचले. पुढे याच पत्राच्या पुण्याईवर जे समज पसरले, त्यातले काही मूळ मजकुराच्या अगदी उलट आहेत. म्हणून ते सावकाश, ओळीओळीला थांबत वाचायला हवे.

सेल्ये तेव्हा २९ वर्षांचे होते. जन्म व्हिएन्नातला, वडील हंगेरियन लष्करी शल्यवैद्य, वैद्यकीचे शिक्षण प्रागच्या जर्मन विद्यापीठात. १९३१ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आले आणि पुढच्या वर्षी मॅक्गिलमध्ये जे. बी. कॉलिप यांच्या हाताखाली दाखल झाले. इन्सुलिन शुद्ध करण्याच्या कामात मोठा वाटा असलेले हेच ते कॉलिप. सेल्ये यांच्याकडे काम आले ते अंडाशयातले एखादे नवे संप्रेरक शोधण्याचे. गाईंच्या अंडाशयांचा अर्क त्यांनी उंदरांना टोचला आणि शवविच्छेदनात तीन गोष्टी आढळल्या: ॲड्रिनल ग्रंथींचे बाह्यक मोठे झालेले, थायमस आणि लसीका ग्रंथी आक्रसलेल्या, जठराच्या आतल्या अस्तरावर व्रण. नवे संप्रेरक सापडले, असे त्यांना वाटले. मग वारेचा अर्क टोचला, तेच तीन बदल. पियूषिका ग्रंथीचा टोचला, तेच. अर्क जितका अशुद्ध तितका परिणाम जोरकस, हे पाहून शंका बळावली आणि शेवटी त्यांनी फॉर्मेलिन टोचून पाहिले. फॉर्मेलिन म्हणजे ऊती टिकवायला प्रयोगशाळेत ठेवतात ते जहाल द्रावण. तीन बदल पुन्हा हजर, आणि अधिकच ठळक. नव्या संप्रेरकाची आशा तिथे संपली. 'द स्ट्रेस ऑफ लाइफ' या १९५६ च्या पुस्तकात त्यांनी ती निराशा मोकळेपणाने सांगितली आहे. त्याच निराशेत त्यांना प्रागमधले विद्यार्थिदशेचे दिवस आठवले. वेगवेगळ्या रोगांचे रुग्ण समोर आणले जात, प्राध्यापक प्रत्येक रोगाची खास खूण दाखवत. आणि या मुलाला मात्र सगळ्यांत सारखे असलेलेच जास्त खुपत असे. सगळेच मलूल, सगळ्यांची भूक मेलेली, सगळ्यांचे अंग दुखते. ते नुसते आजारी दिसतात, त्याचे काय?

हे सगळे पत्रात नाही. अंडाशयाचा अर्क नाही, फसलेला शोध नाही, प्राग नाही. लेखकाने आपला प्रवास पुसून टाकला आहे आणि मुक्कामावरून बोलायला सुरुवात केली आहे.

पहिलेच वाक्य लांबलचक आहे. त्यात अपायांची माळ येते: थंडीत ठेवणे, शस्त्रक्रियेची जखम, मज्जारज्जू छेदून आणलेला आघात, बेसुमार स्नायुश्रम, आणि जीव जाणार नाही एवढ्या मात्रेत दिलेली औषधे, त्या औषधांत ॲड्रिनलिन, ॲट्रोपिन, मॉर्फिन, फॉर्माल्डिहाइड. वाचताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा की या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? मॉर्फिन गुंगी आणते, ॲड्रिनलिन खडबडून जागे करते. थंडी बाहेरून येते, श्रम आतून होतात. कोणत्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात या गोष्टी एका प्रकरणात बसणार नाहीत, आणि याच कारणासाठी त्या इथे एका वाक्यात बसवल्या आहेत. यादी जेवढी विजोड, तेवढा तिच्यामागून येणारा निष्कर्ष पक्का: जो लक्षणसमूह दिसतो तो अपायाच्या जातीवर अवलंबून नाही, अपाय झाला या घटनेलाच ते शरीराचे उत्तर आहे. पुरावा आणि विधान एकाच वाक्यात असे गुंफलेले आहेत की यादी संपताना वाचक निम्मा पटलेला असतो. लगेच पुढे आटोपशीर विधान येते, हा लक्षणसमूह तीन टप्प्यांत उलगडतो. लांब वाक्यानंतरचे हे छोटे वाक्य ऐकायलाही चांगले वाटते.

त्या यादीतल्या ॲड्रिनलिनशी मी नेहमी अडखळतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेली जी ग्रंथी या पत्राची नायिका, तिचाच स्राव इथे विषांच्या रांगेत उभा आहे. पण यात विसंगती नाही. ॲड्रिनल म्हणजे एकाच वेष्टणात नांदणाऱ्या दोन ग्रंथी. आतला गाभा चेतासंस्थेच्या कुळातला. तो ॲड्रिनलिन सोडतो, क्षणार्धात. हृदय धडधडते, बाहुल्या विस्फारतात, यकृतातली साखर रक्तात उतरते. सेल्ये यांच्या आधी वीसेक वर्षे वॉल्टर कॅनन यांनी हीच बाजू उजेडात आणली होती: लढा किंवा पळा. बाहेरचे कवच, म्हणजे बाह्यक, वेगळ्या ऊतींपासून घडलेले आणि वेगळ्या चालीचे. ते कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड संप्रेरके बनवते. माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल, उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन. त्यांचा अंमल मिनिटांनी सुरू होतो आणि तासन्‌तास टिकतो. सेल्ये यांनी नजर गाभ्यावरून कवचावर नेली. कॅनन यांच्याकडे झटापट होती. सेल्ये यांच्याकडे झटापट संपली नाही तर पुढे काय, हा प्रश्न आहे.

पहिला टप्पा इजेनंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांचा. इथे पत्राची शैली पंचनाम्याची होते. थायमस, प्लीहा, लसीका ग्रंथी, यकृत, सगळे झपाट्याने लहान होतात. चरबी नाहीशी होते. ऊतींत पाणी साठते, छातीच्या व पोटाच्या पोकळीत द्रव उतरतो. स्नायूंतला ताठपणा जातो, अंगाचे तापमान घसरते. जठर, लहान आतडे आणि अपेंडिक्स यांच्या अस्तरावर ओरखडे उमटतात. डोळे बाहेर येतात, अश्रू आणि लाळ वाढते. फारच तीव्र इजेत डोळ्याचे भिंगही गढूळ होते. क्रियापदांना भावना नाही, विशेषणे मोजकी. ही यादी जिवंत प्राण्यांच्या वेदनेतून आली आहे, याची एकाही शब्दात दखल नाही. त्या काळच्या शास्त्रीय लेखनाची ती चाल होती हे खरे. वाचताना मला तरी ते विसरता येत नाही, आणि विसरू नये असेही वाटते.

या यादीच्या मध्यात ॲड्रिनलचा उल्लेख येतो तो असा: बाह्यकातले मेदकण नाहीसे होतात आणि गाभ्यातले क्रोमॅफिन द्रव्यही. शवविच्छेदनात निरोगी ॲड्रिनल उभी कापली तर कडेचा पट्टा पिवळाधमक दिसतो. हा पिवळेपणा साठवलेल्या मेदाचा, मुख्यतः कोलेस्टेरॉलच्या संयुगांचा, म्हणजे संप्रेरके बनवण्याच्या कच्च्या मालाचा. गंभीर आजारात मरण आलेल्या माणसाच्या ग्रंथीत तो पट्टा फिका, तपकिरी पडलेला आढळतो. गाभ्यातले क्रोमॅफिन द्रव्य क्रोमियमच्या क्षारांनी तपकिरी रंगते. तो रंग चढला नाही तर समजायचे की ॲड्रिनलिनचा साठा सुटून गेला आहे. १९३६ मध्ये बाह्यकातली संप्रेरके अमेरिकेत एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेयुस राइखश्टाइन नुकती कुठे वेगळी करत होते. हा मेद जातो कुठे, हे तेव्हा नक्की सांगता येत नव्हते. सेल्ये यांनी 'नाहीसा होतो' एवढेच नोंदवले. आज आपण ते वाक्य पुढे वाचू शकतो: मेद वापरला गेला, त्याचे संप्रेरक झाले, ते रक्तात उतरले. पहिल्या दोन दिवसांत ग्रंथी रिती दिसते याचे कारण ती कामाला लागलेली असते.

थायमसचेही असेच. १९३६ मध्ये छातीच्या हाडामागची ही ग्रंथी कशासाठी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रतिकारशक्तीतले तिचे स्थान झाक मिलर यांनी दाखवले ते १९६१ मध्ये. उपयोग माहीत नसलेला अवयव आक्रसतो, ही नोंद सेल्ये यांनी यादीत सर्वांत आधी घेतली. निरीक्षणाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. बाह्यकाचे संप्रेरक थायमसमधल्या अपक्व लसीका पेशींना मारते, हे आता आपल्याला माहीत आहे.

ही नोंद किती मोलाची ठरू शकली असती आणि तिच्याअभावी किती महाग पडले, हे सांगणारी एक हकिगत ताणाचे अभ्यासक रॉबर्ट सापोल्स्की यांनी लिहिली आहे. जुन्या काळी शरीररचनाशास्त्र शिकण्यासाठी मिळणारी प्रेते बहुतेक गरिबांची. उपासमार, आजार, हाल यांत आयुष्य गेलेल्या त्या देहांत थायमस लहान असे, आणि तीच त्याची स्वाभाविक मापे ठरली. मग अचानक दगावलेल्या, एरवी धडधाकट बाळांच्या शवविच्छेदनात मोठा थायमस आढळला, तेव्हा डॉक्टरांनी त्यालाच मृत्यूचे कारण मानले; त्या कल्पित रोगाला नाव दिले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कितीतरी बाळांच्या गळ्या-छातीवर क्ष-किरण सोडून थायमस 'बरा' केला. त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. मोठा थायमस हाच निरोगी होता. लहान थायमस हा गरिबीने देहावर लिहिलेला मजकूर होता आणि तो वाचता न आल्याची किंमत भलत्यांनी मोजली.

दुसरा टप्पा अठ्ठेचाळीस तासांनंतरचा, आणि पत्रातला सर्वांत श्रीमंत भाग हाच. ॲड्रिनल आता बऱ्याच मोठ्या झाल्या आहेत, आणि त्यांतले मेदकण परत आले आहेत. सूज उतरू लागते. पियूषिका ग्रंथीत विशिष्ट रंग धरणाऱ्या पेशींची संख्या वाढते. इथवर सारे सावरल्यासारखे. आणि मग तीन नोंदी येतात: शरीराची वाढ थांबते, जननग्रंथी रोडावतात, पाजणाऱ्या मादीचे दूध आटते. यानंतर सेल्ये प्रथमच पंचनाम्याची भाषा सोडून अर्थ लावतात. पियूषिका ग्रंथी वाढीचे, जननग्रंथींना चालना देणारे आणि दुधाचे संप्रेरक बनवणे थांबवते आणि त्याऐवजी थायरॉइड व ॲड्रिनल यांना चालवणारी संप्रेरके अधिक बनवते, असे दिसते. कारण अशा आणीबाणीत त्यांची निकड जास्त, असे मानता येईल. आशय एवढाच. वाक्यरचना जपून केलेली, 'असे दिसते', 'असे मानता येईल' यांच्या आधाराने उभी.

हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचतो. हार्मोन बिघडले, असे आपण सहज म्हणून जातो, जणू एखादे यंत्र नादुरुस्त झाले. सेल्ये यांच्या वाक्यात काहीच नादुरुस्त झालेले नाही. तिथे निवड झाली आहे. घरात मोठे आजारपण निघाले की रंगकाम, मुलीचे लग्न, गावाकडची विहीर, सगळे पुढे ढकलले जाते आणि पैसा दवाखान्याकडे वळतो, तशी ही शरीराची ओढाताण आहे. वाढ उद्या होईल, संतती पुढच्या ऋतूत होईल. आजचा दिवस निभावला पाहिजे. संप्रेरकांच्या तोलाचा इतका नेमका अर्थ एका वाक्यात मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. तोल म्हणजे सगळी पारडी सारखी, असे इथे नाही. कोणते पारडे आज जड हवे याचा सतत चाललेला निवाडा आहे.

तपशिलात मात्र सेल्ये जागोजाग चुकले आहेत आणि रसग्रहण करताना ते झाकायचे कारण नाही. थायरॉइडला चालवणारे संप्रेरक दीर्घ ताणात सहसा वाढत नाही. उलट मंदावते, आणि थायरॉइडच्या संप्रेरकाचे त्याच्या कार्यक्षम रूपात होणारे रूपांतरही कमी होते. दुधाचे संप्रेरक प्रोलॅक्टिन तीव्र ताणात बहुधा वाढते. पण जननग्रंथींबद्दलचे विधान काळाच्या कसोटीवर पक्के उतरले. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस जननसंप्रेरकांना सोडणारा स्पंदित इशारा ताणात मंद करतो. कमी खाणे, अतिव्यायाम आणि सततची काळजी यांमुळे मुलींची, स्त्रियांची पाळी महिनोन्‌महिने बंद राहते, त्याचे मूळ इथे आहे. त्यांच्या अंडाशयांत दोष नसतो. वाढीबद्दलचे विधानही खरे ठरले, आणि फार करुण रीतीने: घरात माया न मिळालेल्या, छळ सोसणाऱ्या काही मुलांची उंची खुंटते, वाढीचे संप्रेरक कमी आढळते, आणि त्या घरातून त्यांना बाहेर काढले की औषधावाचून वाढ पुन्हा सुरू होते. १९६० च्या दशकात डॉक्टरांनी अशी मुले अभ्यासली. उंदरांच्या पियूषिकेविषयी केलेला अंदाज माणसाच्या पोरांत असा उघडा पडला.

तिसरा टप्पा सेल्ये एका वाक्यात उरकतात. अपाय सौम्य असेल आणि चालूच राहिला तर दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात प्राण्याचे अवयव दिसायला आणि वागायला जवळजवळ पूर्ववत होतात. सवय लागते. पण अपाय थांबवलाच नाही तर एक ते तीन महिन्यांत प्राण्यांची सहनशक्ती संपते आणि पहिल्या टप्प्यासारखीच लक्षणे दिसून ते मरतात. हा थकव्याचा, दमून संपण्याचा टप्पा.

आजच्या सर्वांत लोकप्रिय गैरसमजाचे बीज या वाक्यात आहे. ताणाने ॲड्रिनल थकतात, रित्या होतात, म्हणून सकाळी उठवत नाही, म्हणून गोडखारट खावेसे वाटते, असे सांगणारे 'ॲड्रिनल फटीग' हे निदान १९९८ च्या सुमारास अमेरिकेत नावारूपाला आले आणि आता आपल्याकडेही चूर्णे, कॅप्सूल आणि लाळेच्या महागड्या तपासण्या घेऊन दारात उभे आहे. मूळ मजकूर काय म्हणतो? दम संपतो तो प्राण्याचा. लक्षणे पहिल्या टप्प्यासारखी, यावरून ग्रंथी पुन्हा रिती होत असेल असे अनुमान कोणी काढील, आणि मजकूर त्याला पुरता मज्जाव करत नाही, हे मान्य. पण ते उंदीर मरणाच्या दारातले आहेत, कामावरून थकून आलेले नाहीत. आणि पत्रात ॲड्रिनलची ठसठशीत प्रतिमा आहे ती मोठ्या झालेल्या, मेदकणांनी पुन्हा भरलेल्या ग्रंथीची. माणसांतही दीर्घ नैराश्याच्या काही रुग्णांत स्कॅनवर ॲड्रिनल काहीशा मोठ्याच दिसल्याच्या नोंदी आहेत. ब्राझीलच्या दोन अंतःस्रावतज्ज्ञांनी २०१६ मध्ये ५८ अभ्यास तपासले आणि ॲड्रिनल थकण्याच्या निदानाला आधार नाही असा निर्वाळा दिला. दीर्घ ताणात कॉर्टिसॉलची लय बिघडते, ते मात्र खरे. एरवी पहाटे उठतानाच्या सुमारास चढणारे आणि मध्यरात्री तळाला जाणारे हे संप्रेरक कोणाकोणात रात्रीही उतरत नाही, कोणाकोणात सकाळी नीट चढत नाही. बिघाड बहुधा वरच्या हुकमात, मेंदूत आणि पियूषिकेत असतो. ॲड्रिनल बिचारी सांगितले ते करत असते.

ॲड्रिनल खरोखर निकामी होते ती वेगळ्या कारणांनी, आणि ते वेळीच ओळखले नाही तर जीव जातो. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये लंडनमध्ये ११ रुग्णांवरून तो आजार वर्णिला: कमालीची अशक्तता, झडलेले वजन, मळमळ, क्षीण नाडी, आणि काळवंडत जाणारी कातडी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या ॲड्रिनल क्षयाने पोखरल्या होत्या, आणि भारतात या आजाराच्या महत्त्वाच्या कारणांत क्षय आजही मोडतो. दुसरे कारण आपल्या घरोघरचे. सांधेदुखीवर, दम्यावर, डॉक्टरला न विचारता महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. बाहेरून कॉर्टिसॉलचा भाऊबंद मिळत राहिला की पियूषिकेचा हुकूम बंद होतो आणि ॲड्रिनलचे बाह्यक आक्रसते. मग गोळी एकाएकी थांबवली तर शरीराकडे स्वतःचे काहीच नसते. थकव्याला 'ॲड्रिनल फटीग' म्हणून परस्पर औषध देणारे लोक कधी कधी प्राण्यांच्या ॲड्रिनलचा अर्क असलेल्या गोळ्या देतात. त्या अर्कातही ही संप्रेरके असू शकतात. मला याचा राग येतो, कारण थकलेला माणूस खरा असतो. त्याच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, नैराश्य, तुटलेली झोप, नाहीतर खुद्द ॲडिसनचा आजार असू शकतो, आणि चुकीचे नाव मिळाले की बरोबर शोध थांबतो.

व्रणांविषयीही असाच फाटा फुटला. उंदरांच्या जठरावरचे ओरखडे खरे होते. भाजलेल्या, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत तसे आजही होतात. पण त्यावरून काळजीखोर माणसाला अल्सर होतो असे सूत्र रूढ झाले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी बहुतेक अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर हा जीवाणू हुडकला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पत्राच्या उत्तरार्धात सेल्ये नावे ठेवतात. पहिल्या टप्प्याला सर्वांगीण धोक्याची प्रतिक्रिया, आणि सबंध तीन टप्प्यांना जुळवून घेण्याचा सर्वसाधारण लक्षणसमूह. धोका, निकड, बचाव, जुळवून घेणे: ऊतींच्या वर्णनात आता जिवंत प्राण्याची भाषा शिरली आहे. पंचनामा लिहिणाऱ्याच्या हातून कथा लिहिली जाऊ लागते ती इथे. लगेच ते सावध होतात आणि या प्रतिक्रियेची तुलना दाह व प्रतिपिंडांच्या निर्मितीशी करतात, म्हणजे शरीराच्या परिचित बचावांशी. सुरुवात घडवणारा पदार्थ हिस्टामिन असावा, असा तर्कही करतात. तो तर्क टिकला नाही. पियूषिकेला हुकूम देणारे खरे संप्रेरक हायपोथॅलॅमसमध्ये निघाले, आणि वायली व्हेल यांनी त्याची रचना उलगडली ती १९८१ मध्ये, सेल्ये यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

म्हणजे पत्रात जो धोका आहे तो ओळखणारे कोणी नाही. घंटा वाजते, ती वाजवणारा मेंदू मजकुरात कुठेच नाही. पत्राचे सर्वांत मोठे मौन हे, आणि माझ्या मते त्याची खरी मर्यादाही हीच. १९६० च्या दशकाअखेर जॉन मेसन यांनी माकडांना उपाशी ठेवून कॉर्टिसॉलचे माप घेतले. शेजारची माकडे खात असताना यांना उपाशी ठेवले तर संप्रेरक वाढे. एकांतात ठेवून, पोषण नसलेल्या पण चवीच्या गोळ्या खाऊ घातल्या तर उपास तोच असूनही ते वाढेना. ग्रंथी भुकेला उत्तर देत नव्हती. आपल्यालाच वगळले जात आहे या जाणिवेला देत होती. सेल्ये यांच्या यादीतली थंडी, जखम, श्रम या सगळ्यांत समान काय, या प्रश्नाचे एक उत्तर 'भीती' असे असू शकत होते. त्यांनी ते विचारात घेतले नाही. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, ब्रूस मॅक्यूएन यांनी 'नेचर'मध्येच दाखवले की उंदराच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग ॲड्रिनलचे संप्रेरक स्वतःकडे धरून ठेवतो. ॲड्रिनल मेंदूचे ऐकते आणि मेंदूही ॲड्रिनलचे ऐकतो, हे कळल्यावर 'दीर्घ ताण' या शब्दांना खरा वजनदार अर्थ आला: धोक्याला दिलेले उत्तर संपलेच नाही तर ते उत्तर देणाऱ्यालाच झिजवते.

पत्राचे शेवटचे वाक्य आकाराने साधे आहे. या तीन टप्प्यांच्या प्रतिक्रियेची कमीअधिक ठळक रूपे म्हणजे, सेल्ये सुचवतात, तापमानातले बदल, औषधे, स्नायूंचे श्रम अशा गोष्टींना शरीर नेहमी देते तेच उत्तर. आणि या गोष्टींची सवय होऊ शकते. आता ही यादी पहिल्या वाक्यातल्या यादीशेजारी ठेवून पाहावी. तिथे थंडीत ठेवणे होते, इथे तापमानातले बदल. तिथे बेसुमार श्रम होते, इथे नुसते श्रम. तिथे विषबाधा होईल एवढी औषधे, इथे नुसती औषधे. सुरी आणि छेदलेला मज्जारज्जू तर गळूनच गेले आहेत. ७४ ओळींत लेखकाने आपल्याला छळाच्या टेबलावरून उचलून रोजच्या जगण्यात आणून सोडले आहे, आणि त्यासाठी एक-दोन विशेषणे काढून घेण्यापलीकडे काही केलेले नाही. पुढच्या आयुष्यात सेल्ये यांनी हजाराहून अधिक लेख आणि तीसहून अधिक पुस्तके लिहिली, त्यांचे दावे वाढत गेले; हा हलका हात मात्र मला तिथे क्वचितच भेटतो.

सवय होऊ शकते, हे त्यांनी सावधपणे म्हटले ते बरे केले. १९९५ मध्ये जर्मनीत क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० निरोगी पुरुषांना पाच वेगवेगळ्या दिवशी परीक्षकांपुढे उभे करून भाषण आणि तोंडी गणित करायला लावले, आणि प्रत्येक वेळी लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. पहिल्या दिवशी ते चढणे साहजिक होते. १३ जणांत दुसऱ्या दिवसापासून ते जवळजवळ चढेनासे झाले. उरलेल्या सातांत पाचही दिवस भरघोस चढत राहिले. त्या सात जणांनी प्रश्नावलीत स्वतःविषयी दिलेली उत्तरे वेगळी निघाली: इतरांच्या मानाने आपण कमी आकर्षक आहोत असे त्यांना वाटे, आत्मविश्वास कमी, आणि मन अधिक वेळा उदास.